तळघरातला पंखा आणि माझी जनजागृती

३ एप्रिल २०२४
संकल्प: गावाला कायदा समजावून सांगायचा. गेल्या वर्षापासून कॅनडातल्या आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सज्ञान माणसाजवळ अडीच ग्रॅमपर्यंत ड्रग्ज सापडली तर अटक नाही, जप्तीही नाही. तरी लोक भीतीने लपून, एकटेच घेतात आणि मरतात. कोणीतरी बोलायलाच हवं. निवृत्त सुतारकाम-शिक्षकाशिवाय इथे आहे कोण?
आमच्या घरी तसलं काही नाही, त्यामुळे मी तटस्थ. आमचा मुलगा डेल नोव्हेंबरात गेला तो हृदयविकाराने. पेपरातही तसंच छापलंय.
तळघरातल्या बाथरूमचा पंखा आपोआप सुरू होतोय. वायरिंग.

९ एप्रिल
पोस्टर लावली. लायब्ररी, बेकरी, बस स्टॉप. डोरीनला भाषण वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, छान आहे, कागद जरा उचल, सालं पडतायत. बायकोकडून दाद मिळायला नशीब लागतं.
पंखा पुन्हा सुरू. बंद करून लगेच वर आलो. गुडघे दुखतात.

१३ एप्रिल
इलेक्ट्रिशियन येऊन गेला. म्हणे वायरिंग उत्तम आहे, भुताटकी असेल तर ते माझं काम नाही. उद्धट माणूस. तो गेला आणि थोड्या वेळात परत घुर्रर्र.
नोव्हेंबरात त्या दिवशीही हाच आवाज चालू होता, दार फोडेपर्यंत. कडी मीच बसवलेली, पितळी. पक्कं काम.
जेवण गेलं नाही. मासा शिळा असावा.

१८ एप्रिल
माजी सैनिकांचा लीजन हॉल मिळाला! येत्या २७ला, शनिवारी दुपारी. हॉल सांभाळणारा व्हर्न म्हणाला, ये की गॉर्डन, शनिवारी हॉल भरलेलाच असतो. माझ्या विषयाची गावाला एवढी ओढ!

२६ एप्रिल
रेडिओवर कायद्याबद्दल काहीतरी सांगत होते. बंद केला. भाषणाच्या आदल्या दिवशी डोक्यात नसता गोंधळ नको.

२७ एप्रिल
हॉल तुडुंब. शनिवारी तिथे मीट ड्रॉ, म्हणजे मांसाची सोडत असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्याच ध्यानात आलं नाही. नंबर लागला की हॅम, सॉसेज घरी न्यायचं. व्हर्नने मला बेकन आणि पोर्क चॉप्सच्या मध्ये उभं केलं. टाळ्या पडल्या. काही बेकनसाठी असतील.
मागून कोणीतरी ओरडलं, अहो मास्तर, कालच सांगितलं की रेडिओवर, रस्त्यावर न् बागेत ड्रग्ज बाळगणं पुन्हा गुन्हा ठरवणार आहेत! सगळे हसले. मी शांतपणे सांगितलं, ते बाहेरचं झालं. घरात अटक नाहीच.
तेव्हा डोरीन उठली. हातात तिने जिंकलेलं हॅम. तिने विचारलं, डेल गेला तेव्हा हा कायदा होता ना? मी म्हणालो, होता. म्हणाली, म्हणजे पोलीस त्याला धरणार नव्हते? मी म्हणालो, नव्हते. मग म्हणाली, तर त्याने आतून कडी कोणाला भिऊन लावली, गॉर्डन?
मी म्हणालो, प्रश्न विषयाला धरून नाही.
व्हर्नने पोर्क चॉप्सचा नंबर पुकारला. तिकीट कोणी दाखवलं नाही. एकंदरीत कार्यक्रम बरा झाला.

२८ एप्रिल
पोस्टर काढून आणली. डोरीनने बॅग भरली, बहिणीकडे निघाली. जाताना म्हणाली, पंखा मीच लावत होते. आवाज असला की वाटतं, डेल आत आहे, येईल बाहेर. आता लावणार नाही.
कमाल आहे. इलेक्ट्रिशियनला उगाच बोलावलं.

३० एप्रिल
हॅम फ्रिजमध्ये तसंच. पंखा बंद आहे. दोन दिवस खालून काहीच आवाज नाही. हे सहन होत नाही.
दुपारी खाली गेलो. पंखा लावला. दार लोटून घेतलं आणि बाहेर जिन्यावर बसलो. म्हणालो, डेल, ये बाहेर. मी तुला काही बोलणार नाही.
वायरिंग तपासायचं होतं, म्हणून लावला.