मोट न लागलेली विहीर

२ एप्रिल १९३४, सकाळ

ही वही आप्पांनी दिली. ती कुणी वाचायची नाही. आपल्या चुका टिपायच्या आणि सुधारायच्या, एवढ्यासाठीच ती आहे.

संकल्प. एक : रोज लिहायचं. दोन : खरं तेच लिहायचं आणि बोलायचं. तीन : वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, चरित्र अक्षय तृतीयेपर्यंत पुरं करायचं. त्या दिवशी वसाहतीच्या दुसऱ्या रांगेची पायाभरणी आहे. मंडपात मीच ते वाचून दाखवणार. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. न सांगणं हे खोटं बोलण्यात मोडतं का, यावर अर्धा तास गेला. मोडत नाही असं ठरवलं.

३ एप्रिल

चरित्राचं पहिलं पान झालं.

आप्पांचा जन्म सदलग्याचा. चौदाव्या वर्षी चालत बेळगावला आले आणि विटा वाहू लागले. प्लेग आला, पेठा ओस पडल्या, लोक माळावर राहायला गेले. आप्पांनी त्यांना झोपड्या बांधून दिल्या. प्लेग सरला तरी पुष्कळांना जुन्या घरात पाऊल टाकवेना. आप्पांनी ते ओळखलं आणि खासबागेच्या पुढचा खडकाळ माळ घेतला. आज तिथं अकरा घरं आहेत, मधे लिंबाचं झाड आणि विहीर.

विहिरीवर वेगळं पान हवं. शहरात आपल्या जैन मंडळींची पंचाईत अशी की ज्या विहिरीला चामड्याची मोट लागली तिचं पाणी चालत नाही. आप्पांच्या विहिरीला मोट कधी लागली नाही आणि लागणारही नाही. एवढ्या एका गोष्टीवर निपाणी-चिकोडीकडची माणसं इथं घर घ्यायला आली. आप्पा म्हणतात, "मी घरं इकत न्हाय, तारे. पाणी इकतो. घर वर फुकट."

हे शेवटचं वाक्य चरित्रात घालू नये.

५ एप्रिल

माहिती गोळा करायला भरमूकाकांकडे गेले. ते आप्पांचे पहिल्या दिवसापासूनचे गवंडी. विटांच्या ढिगावर बसून तंबाखू मळत होते.

विचारलं, आपल्या घरांची दारं इतकी जुनी आणि चांगल्या सागवानाची कशी?

म्हणाले, "दारं कुणाची ते इचारू नगा, आक्का. प्लेगात मालक समदी मेलती. आमी दोघं गाडी घेऊन गेलतो."

विचारायला तरी कुणी नातेवाईक नव्हते का?

"हुतं की. पर ती माळावर. दारं पेठंत."

चरित्रात असं लिहिलं : 'आप्पांनी निराधार लाकडाला आधार दिला.' वाक्य चांगलं जमलं आहे.

९ एप्रिल

दुसऱ्या रांगेचा प्लॅन म्युनिसिपालिटीत द्यायचा होता. आप्पांचं अक्षर बरं नाही, म्हणून फेअर कॉपी मी काढली. पायखान्यांची रांग विहिरीपासून पन्नास हातांवर दाखवायची होती. ती आहे बावीस हातांवर, कारण मधे दोन घरं जास्तीची बसवली. आप्पा म्हणाले, "कागदावर पन्नास काढ गं. जागेवर पुढं बगू." म्हणजे पुढे ते पायखाने हलवणारच आहेत. तेव्हा हे खोटं नाही, आधीच लिहून ठेवलेलं खरं आहे.

कागदाच्या कोपऱ्यात शाईचा डाग पडला. हलगर्जीपणा. प्रायश्चित्त म्हणून दोन दिवस तूप वर्ज्य.

१६ एप्रिल, सकाळ

आज फार वाईट पाहिलं. चार नंबरच्या पद्मावतीवहिनी, म्हणजे कुंथुनाथ मास्तरांच्या मंडळी, पाणी गाळत होत्या. गाळून झाल्यावर फडक्यात राहिलेले जीव नितळ पाण्यानं उतरवून घ्यायचे आणि ते पाणी ज्या विहिरीचं त्याच विहिरीत परत सोडायचं, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. त्याला जिवाणी म्हणतात. वहिनींनी ती सरळ गटारात ओतली.

मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तारामती, मला चार पोरं हैत. एकेका किड्याला घरी पोचवत बसू काय?"

चौकशी केली. अकरांपैकी नऊ घरांत हेच चालतं. आप्पांच्या विहिरीवर हे पाप साठत होतं आणि मी चरित्र लिहीत बसले होते.

संकल्प चार : उद्यापासून अकराही घरांची जिवाणी मी गोळा करणार. सहा वाजता. तळाला कडी असलेली कळशी आहेच. ती हळू सोडायची आणि पाण्याला टेकल्यावर दोरीला हिसका देऊन उलटी करायची, म्हणजे जिवांना उंचावरून पडल्याचा त्रास होत नाही.

२४ एप्रिल

आठ दिवस झाले, एकही चुकला नाही. बायका जिवाणी आपणहून दाराशी काढून ठेवतात. नागूआजी सात नंबरला एकट्या असतात. त्या म्हणाल्या, "तुज्यामुळं मला बी पुण्य लागतंय बग, बसल्या जाग्याला." मन हलकं झालं. गर्व होतोय की काय अशी भीती वाटली, म्हणून दुपारी जेवले नाही.

चरित्र दुसऱ्या पानावरच आहे.

३० एप्रिल

मास्तरांच्या धाकटीला जुलाब आणि उलट्या. पाच वर्षांची आहे. काल तिनं कलिंगड खाल्लं होतं.

१ मे

मास्तरांची धाकटी गेली. कलिंगड शिळं असणार.

त्यांच्या घरी चूल पेटलेली नव्हती, पण पाणी गाळलेलं होतं आणि जिवाणीचं भांडं कुणी बाहेर ठेवलेलं नव्हतं. मी आत जाऊन मोरीतून उचललं. अशा वेळी नियम सुटतात, म्हणून कुणीतरी ते सांभाळायला हवेत. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडं बघितलं.

४ मे, संध्याकाळ

नऊ नंबरला नवरा-बायको दोघंही पडले आहेत. म्युनिसिपालिटीचे सॅनिटरी इन्स्पेक्टर आले. कॉलरा म्हणाले. सगळ्या वसाहतीत तो शब्द फिरला.

त्यांनी टेप लावून विहीर ते पायखाना अंतर मोजलं. प्लॅनवर पन्नास हात आणि जागेवर बावीस कसे, असं विचारलं. आप्पा म्हणाले, "सायेब, जमीन उन्हाळ्यात आकसतीय." माणसं हसली. इन्स्पेक्टर हसले नाहीत.

त्यांना विहिरीत लाल औषध टाकायचं होतं. मी पुढं झाले. पुरुषांसमोर बोलायची माझी पहिलीच वेळ. म्हटलं, या औषधानं विहिरीतले सगळे जीव मरतील. ते म्हणाले, "बाई, त्यासाठीच टाकायचं आहे." मग निदान पाणी उकळून प्या म्हणाले. उकळलेलं पाणी मुनींचं आणि मोठ्या व्रतातल्यांचं. आपली तेवढी योग्यता आहे का? गाळलेलं पुरे, असं मी सांगितलं. आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग आप्पांनी सगळ्यांदेखत एक तांब्या पाणी काढायला लावलं आणि मी गाळून दिल्यावर उभ्यानं प्यायलं. मीही प्यायले. आप्पा म्हणाले, "ह्या पाण्यावर माजं नाव हाय. नाव बुडालं तर दुसरी रांग कुत्रं बी घ्याचं न्हाय." औषध टाकायचं राहिलं. आप्पांनी पायाभरणीपर्यंत मुदत मागितली.

इन्स्पेक्टरांनी जाताना 'पाणी पिऊ नये' अशी पाटी लिंबाला ठोकून ठेवली.

५ मे

पाटी काढली. खिळा जिवंत झाडात मारला होता. पाटी फेकलेली नाही, नीट पुसून भिंतीला टेकवून ठेवली आहे. आप्पांना सांगून एक वाळका खांब रोवून घ्यायचा आणि त्यावर लावायची.

६ मे

खांब मिळाला नाही.

८ मे

नऊ नंबरची दोघं एका दिवसात गेली. नागूआजी पण. त्यांचं वय झालंच होतं. नऊ नंबरची मंडळी मागच्या आठवड्यात लग्नाला जाऊन आली होती, तिथलं पाणी कसलं असेल कोण जाणे.

तीन घरांनी कुलपं लावली आणि गावी गेली. उरलेल्यांची जिवाणी मी आता दोन वेळा सोडते. संकटात धर्म कमी करून चालत नाही, वाढवायला हवा.

११ मे

भरमूकाका आजारी पडले. विहिरीचा काठ त्यांनीच बांधला होता. त्यांना इथलंच पाणी प्यायला मिळावं म्हणून मी स्वतः गाळून घागर नेऊन ठेवत होते. संध्याकाळी विचारायला गेले तर त्यांची बायको मालुबाई दारात उभी होती, आत जाऊ देईना.

म्हणाली, "तुमचं पाणी लई शुद्ध हाय, आक्का. माणसं तेवढी धुऊन निघाली."

दुःखानं माणूस काहीही बोलतं. मी राग धरला नाही. तरी चरित्रासाठी त्यांना विचारायच्या गोष्टी राहून गेल्या, असं मनात आलं आणि त्याची लाज वाटली. एक वेळचं जेवण सोडलं.

१२ मे

भरमूकाका सकाळी गेले. ते मासे खायचे, त्याचा काही संबंध असेल.

आप्पा स्मशानातून आले आणि नुसते ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, "तारे, आमी दोघांनी हजार उंबरं बशिवली असतील. त्याला सोताचं एक न्हाय दिलं." मी म्हटलं, दुसऱ्या रांगेत द्या. आप्पांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

१४ मे, दुपार

आप्पांना सकाळपासून तीनदा परसाकडं जावं लागलं. उन्हात फार हिंडतात. मंडपवाल्यांनी निरोप पाठवला, येत नाही म्हणून.

संध्याकाळ. आप्पांचा आवाज बसला. हात गार. पाणी मागतात. मी गाळून देते. दर दोन घटकांनी नवं गाळायचं हा नियम मोडलेला नाही.

१५ मे

कुंथुनाथ मास्तर आले. स्वतःच्या घरातलं मूल गेलं असताना त्यांनी यायची गरज नव्हती. चूल पेटवली, पातेल्यात पाणी ठेवलं. म्हणाले, "उकळल्याबिगर देऊ नका." मी म्हटलं, आप्पांना ते चालणार नाही. मास्तर म्हणाले, "त्यांना इचारा."

आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "दे गं कसलं बी."

दिलं. ते पोटात राहिलं नाही.

१६ मे

अक्षय तृतीया. आप्पा पहाटे गेले.

कारण लिहायला बसले. कलिंगड नाही, लग्न नाही, मासे नाहीत. आप्पांनी या विहिरीशिवाय दुसरं पाणी इतक्यात कुठं घेतलं नव्हतं.

आज जिवाणी सोडली नाही. सुतकात चालत नाही, म्हणून.

१९ मे

म्युनिसिपालिटीची माणसं आली आणि विहीर बुजवायला लागली. दुसऱ्या रांगेसाठी रचलेल्या विटाच आत टाकतात. पाण्याची गाडी दिवसातून एकदा येते. रांगेत मी उभी राहिले की पुढची-मागची जागा मोकळी होते. बायकांना शोक करणाऱ्याचा मान राखायचा असेल.

२३ मे, दुपार

इन्स्पेक्टर आले. ओट्यावर बसले. त्यांना रिपोर्ट पुरा करायचा होता. विचारलं, वसाहतीत पाणी कसं भरत, कसं गाळत, उरलेल्याचं काय करत?

मी सगळं सांगितलं. कोणत्या तारखेपासून, किती घरं, आजारी माणसांच्या घरातूनही कसं आणत होते, आठ तारखेपासून दोन वेळा कसं केलं. आप्पा जाईपर्यंत एक दिवसही चुकला नाही, हेही सांगितलं.

ते ऐकत होते, लिहीत नव्हते. मग म्हणाले, "विहिरीत किती वाजता सोडत होता?"

सहा वाजता.

"आणि बायका पाणी भरायला?"

साडेसहा वाजता.

हे मी माझ्या तोंडानं सांगितलं आणि मग माझ्याच कानांनी ऐकलं.

त्यांनी टाक खाली ठेवला. वय विचारलं. अठरा म्हटलं. लग्न व्हायचं आहे का, विचारलं. हो म्हटलं. विटा पडत होत्या तिकडं त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "हे मी लिहीत नाही, बाई. पायखाने जवळ होते, एवढं कारण पुरे आहे. ते खोटं नाही. आणि गेलेल्या माणसाला आता कोण काय करणार?"

लिहिलं आणि वाचून दाखवलं. वसाहतीचे मालक गुंडाप्पा यांनी लोभापोटी विहिरीलगत पायखाने बांधले, प्लॅनमध्ये खोटं अंतर दाखवलं, त्यामुळे सहा मयत. खाली माहिती देणाराची सही हवी होती.

ते चूक आहे, एवढं म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. त्याच वेळी पद्मावतीवहिनी गाडीवरून घागर भरून समोरून चालल्या होत्या, तिन्ही पोरं मागं होती. त्या थांबल्या. काय लिहितायत हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मी टाक घेतला. पूर्ण नाव लिहा, ते म्हणाले. तारामती गुंडाप्पा, पुढं आडनाव. सही करताना मधे आप्पांचं नाव येतं. ते लिहिलं.