त्रिकोण फिरवणारा एकटाच मी

३ मार्च, सकाळ
शाळा सोडली ते बरंच केलं. सगळे ठोंबे होते तिथे.

ताई ज्या ऑफिसात रिसेप्शनला बसते, तिथे शिकाऊ प्रोग्रामर घेणार आहेत. जागा एकच. तिथल्या सरांनी कोडं दिलंय: अक्षरं त्रिकोणात रचायची. वर एक, खाली दोन, मग तीन, असं. मग त्रिकोण फिरवायचा, डावा कोपरा वर आला पाहिजे. कुठलाही मजकूर टाकला तरी. शुक्रवारी दाखवायचं. एवढंच? हसू आलं.

नाही जमलं तर भावजींच्या लाँड्रीत बसायचं, असं आईने परस्पर ठरवलंय. भावजी दिवसभर लोकांच्या पँटी मोजतात. बुद्धीचा काही संबंध नाही.

४ मार्च
संकल्प: आज संपवणे.
मावशी आली. हल्ली काय करतोस, असं विचारेल म्हणून ती जाईपर्यंत बाथरूममध्ये बसलो. तिच्याशी काय बोलणार, तिची लेव्हलच नाही. प्रोग्रामची लिंक तुटली ती तुटलीच.

५ मार्च, दुपार
झाला प्रोग्राम. फोनवरच लिहिला. अक्षरं टाकून तपासणं हे बालवाडीचं काम. मी सगळीकडे स्टार टाकले. फिरवण्याआधी स्टारचा सुबक त्रिकोण, फिरवल्यावरही स्टारचा सुबक त्रिकोण. एक स्टार सांडला नाही.
ताई म्हणाली, अरे, पण फिरला हे कळणार कसं? रिसेप्शनवाल्यांना किती समजावणार. मनात तिला चांगलं सुनावलं. तोंडाने हं म्हणालो.

६ मार्च, शुक्रवार
माझ्याआधी एक वेणीवाली. कागदाचा त्रिकोण कापून आणलेला, त्यावर अक्षरं, तो फिरवून फिरवून बघत होती. कीव आली. या जमान्यात कात्री.
मग मी. सर म्हणाले, बस बाळा. बाळा म्हणे. त्यांनी माझा फोन घेतला, स्टार पुसून क, ख, ग टाकले. बटण दाबलं. क वरच. परत दाबलं. क वरच. विचारलं, हा फिरतो का रे? मी चपलांकडे बघत म्हणालो, पूर्ण फिरतो. फेरी मारून जागेवर येतो.
सरांनी चष्मा काढून पुसला. भारावले असणार. ताईकडे कळवतो म्हणाले.
संकल्प: रुजू झाल्यावर पहिले काही दिवस कोणाशी बोलायचं नाही. वचक राहतो.

९ मार्च
वेणीवालीला घेतलं. ताईने हळूच सांगितलं. सर म्हणाले म्हणे, अडलं होतं तर पोराने एकदा विचारायचं तरी. कशाला विचारू? मी अडलोच नव्हतो.
लाँड्रीत आलो. भावजींनी काही विचारलं नाही, स्टूल पुढे सरकवलं. त्यांना कळतंय काय त्यातलं.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. फोन काढून क, ख, ग टाकले. दाबलं. हलेना. मान वाकडी करून पाहिली. तसा फिरल्यासारखा दिसतो.
पँट घ्यायला आलेल्या काकांनी विचारलं, मान अवघडली का? हो म्हणालो.