गफूरचाचा कामावर नाही

लातूर, सोमवार, ३ जून २०१९
ॲप ज्यावर उभं आहे त्या फ्रेमवर्कची आवृत्ती बदलली आणि क्लासच्या हजेरी ॲपचा कोड तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट लाल, म्हणजे नापास! सर केबिनमधूनच म्हणाले, "नवी बॅच पुढच्या सोमवारी बसतेय, पंचशीला. मला काही सांगू नको." कुणाला सांगू मग? जोडीला कोड लिहिणारा अकरम होता तेव्हा दोघं मिळून शिव्या तरी घालायचो. तो पुण्याला गेला. आता अख्ख्या मजल्यावर मी आणि कूलर.

मंगळवार, ४ जून
आईचा मुरुडहून फोन. मागं बाबा खोकत होते. "देऊ का त्यांना?" म्हणाली. मग तिकडं कुजबुज. "झोपलेत गं." खोकत खोकत झोपलेत! मेडिकलचा क्लास सोडून मी कॉम्प्युटर धरला, तेव्हापासून माझा फोन आला की ते असेच झोपतात. रडू आलं. डबा तसाच परत दिला.

बुधवार, ५ जून
सुट्टी. अकरमला ईद मुबारक पाठवलं. उत्तरात सगळ्यांना धाडलेलं एक चित्र आलं.
रूमवर करमेना, म्हणून ऑफिसात येऊन बसले. टेस्टच्या आधी चालणाऱ्या जुन्या सेटअपच्या फाइलमध्ये गफूरचाचा भेटला, म्हणजे त्या नावाचा कोड. खालचे चहावाले गफूरचाचा "पाठवला, पाठवला" म्हणायचे आणि चहा काही यायचा नाही. टेस्ट चालवताना पालकांना गैरहजेरीचा खरा मेसेज जाऊ नये, म्हणून पाठवल्याचं नुसतं सोंग करणारा कोड होता. अकरमनं त्याला त्यांचंच नाव दिलं. टेस्टमधली खोटी विद्यार्थिनी मी. पालकाचा नंबर बाबांचा, मीच दिलेला. "टाक रे, त्यांना कुठं माझं ऐकायचंय." लई हसलो होतो तेव्हा.

गुरुवार, ६ जून
टेस्टच्या फाइलींची मांडणी नव्या पद्धतीनं बदलली. सगळ्या टेस्ट हिरव्या! एकटीनंच टाळी वाजवली.

शुक्रवार, ७ जून
हिरव्या कशा झाल्या ते आज कळलं. जुन्या जागची सेटअप फाइल नवी आवृत्ती वाचतच नाही. गफूरचाचा कामावरच नव्हता. जितक्या वेळा टेस्ट चालवली, तितक्या वेळा खरा मेसेज गेला — बाबांना. "आपला पाल्य पंचशीला आज वर्गात गैरहजर आहे."
त्यांना वाटणार, पोरगी थट्टा करून राहिली. आता ते जन्मात बोलायचे नाहीत.

शनिवार, ८ जून
बाबांचा फोन. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवरून.
"गैरहजर हाय म्हणून सारखं कळवून राहिलेत तुमचे क्लासवाले. सांग त्यांना, घरी ठाऊक हाय. घरातूनबी कवाचीच हाय." मग खोकले. "कधी येती?"
मुरुडच्या गाडीत बसून लिहून राहिले. खिडकी मिळाली.