दार लावून जाण्याची सवय

बाबा,

आज भद्रावतीहून चंद्रपूरला परत येताना बसमध्ये तुमची आठवण झाली, आणि ती चांगली नव्हती. चांगली आठवण यावी असं तुम्ही फारसं काही मागे ठेवलंही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी काय काम करते हे तुम्हाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. मी लोकांच्या कुत्र्यांना घरात एकटं राहायला शिकवते. मालक बाहेर पडला की काही कुत्री रडतात, दार ओरबाडतात, घरभर मुततात, स्वतःचे पाय चावून रक्त काढतात. जनावरांच्या दवाखान्यात कामाला होते तेव्हा अशी कुत्री फार पाहिली, मग नागपूरला एका बाईंकडे जाऊन हे काम शिकले. आता त्यावर माझं घर चालतं. तुम्ही हे ऐकलं असतं तर पोट धरून हसला असता आणि चार लोकांना बोलावून म्हणाला असता, 'पाहा, आमची पोट्टी कुत्र्यायची मास्तरीन झाली.' हसा. तुमच्या घरात राहूनच मला हा आजार पहिल्यांदा दिसला, फक्त तिथे त्याला प्रेम म्हणायची पद्धत होती.

नागभीडचं ते घर मला आजही उंबऱ्यापासून दिसतं. तुमची नोकरी जंगलाची, पार सिरोंच्याकडची. महिन्यातून एकदा तुम्ही यायचात, दोन-तीन दिवस राहायचात आणि मग निघायचात. येण्यापेक्षा तुमचं निघणं मोठं असायचं. पिशवी सकाळपासून दारात काढून ठेवायची. ती पिशवी दिसली की आपला तांबडा कुत्रा खाणं सोडायचा, तुमच्या पायात घोटाळायचा, थरथरायचा. तुम्हाला ते पाहायचं असायचं म्हणूनच पिशवी इतक्या लवकर निघायची, हे मला फार उशिरा कळलं. मग तुम्ही ओसरीवर उकिडवे बसायचात, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरायचात आणि म्हणायचात, 'जाऊन राह्यलो बरं मी. राहशीन ना माह्याबिगर? नाई राहत ना?' तो विव्हळायला लागला की तुमचा चेहरा उजळायचा. शेजारचे लोक कुंपणाशी येऊन बघायचे. मग आईची पाळी. 'जंगलातलं काम हाये, वापस येईन का नाई सांगता येत नाई,' असं तुम्ही दरवेळी म्हणायचात आणि ती पदर डोळ्यांना लावेपर्यंत थांबायचात. एकदा तिनं लावला नाही, घाईत विसरली असेल, तर पुढच्या खेपेला तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीत.

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. तुम्ही वळणावरून दिसेनासे झालात की आई पदर खाली सोडायची, चेहरा कोरडा करायची आणि मला म्हणायची, 'गेले. जा, चाय मांड.' आम्ही दोघी ओसरीवर बसून चहा प्यायचो आणि घर एकदम मोठं वाटायचं. इतकी वर्षं तुम्ही ज्या रडण्यावर मिशीला पीळ देत बसची वाट पाहिलीत, ते रडणं चहाचं पाणी उकळेपर्यंतही टिकत नव्हतं. कुत्र्याला मात्र असलं नाटक जमत नव्हतं. तो खरंच रडायचा. तुम्ही गेलात की दाराच्या फळीला नखं लावायचा, नखं तुटेपर्यंत. नखांतून रक्त आलं की आई हळद लावायची. तुम्ही परत आल्यावर ते पंजे उचलून पाहुण्यांना दाखवायचात, 'हे पाहा, माह्यासाठी.' आणि पाहुणे गेल्यावर दार खराब केलं म्हणून त्याच पंजांवर काठी मारायचात. एकाच दिवशी, एकाच हातानं. तेव्हा मला वाटायचं, मोठ्या माणसांच्या डोक्यात काहीतरी हिशेब असेल जो मला समजत नाही. आता हेच काम करते म्हणून खात्रीनं सांगते, काही हिशेब नव्हता. तुम्ही सामान्य बुद्धीचे आणि भुकेले माणूस होतात. कुणीतरी आपल्यावाचून तडफडतंय याची भूक.

मी पहिलीत असताना चंद्रपूरच्या गोल बाजारात तुम्ही माझा हात सोडलात. मी भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहून घसा फुटेपर्यंत रडले, एका बाईनं मला जवळ घेतलं, पाणी पाजलं, नाव विचारलं, ते मला सांगता येईना. मग तुम्ही समोरच्या कापडाच्या दुकानातून हसत बाहेर आलात. तुम्ही तिथेच होतात, सगळा वेळ. ती बाई तुम्हाला म्हणाली, 'काऊन जी, लेकराले असं करतेत का कोणी?' तुम्ही म्हणालात, 'पाहून राह्यलो होतो, किती जीव हाये तिचा बापावर.' त्या बाईनं तुमच्याकडे जसं पाहिलं तसं मी पुढे आयुष्यभर पाहिलं.

कुत्र्याचं काय झालं ते तुम्ही गावभर तुमच्या पद्धतीनं सांगितलंत, त्यामुळे माझ्या पद्धतीनं एकदा लिहून ठेवते. तो मेला त्या वर्षी तो बसमागे धावत पार रस्त्याला लागायचा, म्हणून तुम्ही त्याला ओसरीच्या खांबाला साखळीनं बांधायला लावलंत. निघताना नेहमीचा सोहळा मात्र सोडला नाहीत. तोंड हातात धरलंत, त्याला रडवलंत आणि गेलात. आई आणि मी धानाच्या रोवणीला शेतात गेलो. परत आलो तेव्हा तो ओसरीच्या भिंतीपलीकडे लटकत होता. भिंतीवरून उडी मारली होती, आणि साखळी जमिनीपर्यंत पुरली नव्हती. आईनं चिखलाच्या हातांनी त्याला खाली काढलं आणि परसात पुरलं. महिन्यानं तुम्ही आलात, ऐकलंत, ओसरीवर बसून मोठ्यानं रडलात, आम्ही लक्ष ठेवलं नाही म्हणून आम्हाला बोललात, आणि संध्याकाळी पानठेल्यावर सांगून आलात की त्यानं तुमच्यासाठी जीव दिला. जेवायला बसल्यावर पुन्हा तेच म्हणालात. आई वाढता वाढता म्हणाली, 'तुमच्यासाठी नाई देला. साखळी आखूड होती.' तुम्ही ताट सरकवून उठलात. त्या घरात कुणी तुम्हाला उत्तर दिल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

तर भद्रावतीचं. तिथे फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका आहेत. बायको वारली आणि तिनं वाढवलेला गावठी कुत्रा यांच्याजवळ राहिला. एक माणूस दारातून गेलं आणि परत आलंच नाही, हे त्या कुत्र्यानं पाहिलेलं. काका भाजी आणायला निघाले तरी तो किंचाळायचा. वरचा भाडेकरू घर सोडायला निघाला होता. त्यात काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन चंद्रपूरला, आणि कुत्र्याला टाकून जाता येईना म्हणून ते वर्षभर पुढे ढकललेलं. मुलीनं नागपूरहून सांगितलं होतं, कुत्रा कुणाच्या तरी शेतावर देऊन टाका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काका मला म्हणाले, 'काय करता बाई, भल्ला जीव हाये त्याचा माह्यावर.' आणि हसले. ते हसू पाहून मी तुम्हाला ओळखलं. जुना राग उठला आणि मी गरज नसताना कडक बोलले. म्हटलं, 'काकाजी, तो जीव नाही, ती भीती आहे. तुम्हाला त्यात मजा वाटत असेल तर मी आत्ताच जाते.'

तुम्ही असता तर मला हाकलून दिलं असतं. काका म्हणाले, 'मजा नाई वाटत. पण कोणी वाट पाह्यते तं बरं वाटते. काय करा लागते ते सांगा.' मग आम्ही सुरू केलं. चप्पल घालायची आणि कुठेही न जाता खुर्चीत बसून राहायचं. किल्ली उचलायची, पुन्हा खुंटीला लावायची. दार उघडायचं, बंद करायचं, आतच राहायचं. किल्लीचा आवाज आला तरी काही होत नाही, हे कुत्र्याच्या अंगात मुरेपर्यंत हेच. मग बाहेर पाऊल टाकून तो घाबरायच्या आत परत. मग फाटकापर्यंत. मग कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत. जुना मोबाइल व्हिडिओ कॉल लावून आत खिडकीत ठेवायचा, बाहेरून दुसऱ्या मोबाइलवर कुत्र्याकडे बघत राहायचं, आणि तो बेचैन दिसला की पुढच्या खेपेला कमी अंतर. मधल्या काळात त्याला कधीच झेपणार नाही इतकं एकटं टाकायचं नाही, गरज पडली तर शेजारची बाई येऊन बसायची. आणि निघताना बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही, आल्यावर गाजावाजा करायचा नाही. काकांना हेच सगळ्यात जड गेलं. पहिले काही आठवडे त्यांचा हात दारातून आपोआप मागे यायचा, कुत्र्याच्या डोक्याकडे. मी 'काकाजी' म्हटलं की ते हात खिशात घालायचे. मध्ये एकदा सगळं बिघडलं, कुणाच्या तरी मयतीला त्यांना तडक जावं लागलं आणि कुत्र्यानं पडदे फाडले. त्यांनी त्याला बोट लावलं नाही. फोन करून म्हणाले, 'पुन्हा फाटकापासून धरू ना?'

आज ते टपरीवर बसले होते, मी शेजारी. मोबाइलमध्ये कुत्रा दिसत होता. दार लागल्यावर तो उठला, दारापाशी जाऊन वास घेतला, एक गोल फिरला आणि चटईवर आडवा झाला. आमचा चहा झाला तरी झोपलेलाच. मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. त्यांनी अंधुक डोळ्यांजवळ मोबाइल नेला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, 'घोरून राह्यला वाट्टे. चला, आता डॉक्टरले फोन लावतो.' एवढंच. जी गोष्ट तुम्ही उभ्या जन्मात केली नाहीत, ती या माणसानं एका पावसाळ्यात करून दाखवली, आणि वर स्वतःचं कौतुकही केलं नाही. बसमध्ये मी तेच मनात घोळवत होते. म्हणजे हे अशक्य नव्हतं. तुम्हाला ते करायचं नव्हतं.

आता राहिलेलं लिहिते आणि थांबते. माझ्याकडेही एक कुत्री आहे, रस्त्यावरून आणलेली, सुरुवातीला बाथरूमला गेले तरी ओरडायची. तिलाही मी असंच शिकवलं. मागच्या आठवड्यात गडचिरोलीला कामासाठी जाऊन दोन दिवसांनी परत आले. शेजारीण तिच्याजवळ राहिली होती. मी दार उघडलं, तिनं मान वर केली, शेपटी दोनदा आपटली आणि पुन्हा डोळे मिटले. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर मी मालकाची पाठ थोपटली असती. मी पिशवी हातात धरून उभी राहिले आणि म्हणाले, 'काऊन वो, माही आठवण नाई आली का?' आवाज तुमचा होता. ती दचकून उठली, कान पाडून माझ्यापाशी आली आणि पायाला अंग घासायला लागली. आणि मला बरं वाटलं. लगेच लाज वाटली, मी तोंड फिरवून चहा ठेवायला गेले, पण आधी बरं वाटलं होतं.

यावरून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. हा कागद मी कुठे ठेवणार नाही आणि कुणाला दाखवणार नाही. तुमचा पत्ता असता तरीही पाठवला नसता, कारण हे शेवटचं वाचून तुम्ही खूश झाला असता.