भन्ते, ती बाई आणि मध्ये मी

नाही, मी त्या गोऱ्या बाईला मिठी मारली नाही. मी फक्त मध्ये उभी राहिले आणि मिठी मला लागली. तिकीट खिडकीवरचा इनता तुला फोनवर फोटो पाठवेल आणि खाली काय वाट्टेल ते लिहील, म्हणून मीच आधी सांगून टाकते.

चानतिप, तुला ताईचे आशीर्वाद. तब्येत बरी ना? तिकडे डेन्मार्कात बर्फ वितळलं का? तुझ्या नवऱ्याची, हेनरिकची पाठ काय म्हणते? माझे गुडघे होते तसेच आहेत, त्यांच्यावर कागद घालवायला नको. (फोनवर का बोलत नाही म्हणशील. तुला माझं तोंड बघायचं असतं आणि मला तिथे माझंच नाक दिसत राहतं.)

तर रविवारी सकाळी आपल्या नान गावच्या बसस्टँडवर माझा शेवयांचा गाडा लागला होता, रश्शाला नुकती उकळी येत होती. समोरच्या बाकावर एक गोरं जोडपं. आधी हातात हात, मग गळ्यात हात, मग तो तिचे मुके घ्यायला लागला, आणि पाय वर, तळवे थेट शेजारच्या बाकाकडे. त्या बाकावर कोण, तर आपले डोंगरविहारातले म्हातारे भन्ते, डोळे दाखवायला दवाखान्यात निघालेले. त्यांनी डोळे मिटून घेतले. (तपासायला चाललेले डोळे, बिचारे.) सगळा स्टँड हसायला लागला. आपलं हसणं तुला माहीत आहे, चारचौघांत कुणाचा अपमान नको म्हणून दात दाखवायचे. मी तर माझं सगळ्यात रागाचं हसू काढलं, ज्याला आपला थोरला मेव्हणा सुद्धा घाबरायचा. तर ती दोघं उलट माझ्याकडे बघून हसली, आणि अजून चिकटून बसली! शेवटी मी कढत रश्शाचा वाडगा नेऊन बरोबर दोघांच्या मध्ये ठेवला. त्यांना वाटलं म्हातारी प्रेमाने खाऊ घालतेय. एकाच चमच्याने एकमेकांना भरवत बसली. आता काय बोलणार?

एवढ्यात दोघं उठून भलत्याच बसमध्ये चढायला लागली. भन्तेंनी डोळे उघडले, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की ती नव्हे, ही. बाईला इतका आनंद झाला की पिशवी खाली टाकून, दोन्ही हात पसरून ती निघाली सरळ भन्तेंकडे! एवढी वर्षं चीवर पांघरून बाईचा स्पर्शही टाळलेला माणूस, आणि स्टँडवर एका बाईने त्याला कवटाळायचं? सगळे तिथल्या तिथे गोठले, हसतच. कुणी हलेना. मग मीच पळीसकट मध्ये उडी घेतली.

मिठी मला पडली. घट्ट होती. मी खांबासारखी उभी. इथवर ठीक होतं. पण बघ, आपण लेकराला जवळ घेतलं की गालाला नाक लावून श्वास ओढतो, ते काय कुणी शिकवावं लागतं? नाक आपलं आपण जातं. माझंही गेलं. चांगला मोठा आवाज करून मी त्या परक्या बाईच्या गालाचा वास घेतला, अख्ख्या स्टँडसमोर. आणि गालाला तुझ्या त्या पांढऱ्या डबीतल्या क्रीमचा वास होता. म्हणून जरा वेळ लागला बाजूला व्हायला.

इनता तिकीट खिडकीतून ओरडला, “काय खामपेंगताई, स्टँडवरच्या मिठ्यांवरची तुमची बंदी उठली वाटतं? मग मी पण बायकोला बोलावून घेतो!”

“तुझी बायको येईल का, ते आधी विचार,” मी म्हटलं. आणि पळी उलट्या टोकाने रश्शात घातली. भन्ते तेवढे भले, त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले होते.

तुझा निरोप मिळाला. नव्या वर्षाच्या सणाला, सोंगक्रानला येताय, पण उतरणार चियांगमाईच्या हॉटेलात, आणि मला एक दुपार भेटून जाणार. कारण मागच्या वेळी हेनरिकने स्टँडवर तुझा मुका घेतला आणि बाजार महिनाभर बोलत होता. (बाजार म्हणजे कोण, ते जाऊ दे.) बरोबर आहे. तुमची सोय बघा. मला काही नाही.

तुझी ताई,
खामपेंग

ता. क. पलंगाला खालच्या बाजूने फळी ठोकून घेतली आहे, म्हणजे हेनरिकचे पाय बाहेर लटकणार नाहीत. सुतार दुसऱ्या कामाला आलाच होता. (दुसरं काम काय ते विचारू नकोस.)

ता. क. सणाला माझ्या हातावर पाणी घालायला शेजारच्या सुना येतात, वडीलधारी म्हणून. तू सणाला आली नाहीस, त्याला तीन वर्षं झाली. चांगल्या आहेत पोरी. पाणी एका दुपारीही घालून होतं, तेवढं मला कळतं.

ता. क. हॉटेल रद्द कर. पूर्ण सण घरी राहा. त्याला स्टँडवर काय करायचं ते करू दे, बाजाराचं मी बघून घेते. का म्हणून विचारशील, तर सांगणार नाही. कागद आहे अजून, तरी सांगणार नाही.