पाणमांजराचा एकच शब्द

मंगळवार, ९ तारीख

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत, तूही असशील. तुझ्या ताईचा गुडघा पुष्कळ ठीक आहे. जिना चढते, उतरताना मात्र कठडा धरते. दुकान चालू आहे. चष्म्याच्या काचा घासायचं नवं यंत्र आलंय, ते नंबरही स्वतःच वाचतं, त्यामुळे मला आता गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलंय. मी बोलण्यात किती पटाईत आहे ते तुला माहीतच आहे. मालक म्हणाले, "तुम्ही फक्त 'छान दिसतंय' म्हणा, बाकीचं आरसा बघून घेईल."

तू पाठवलेली दोन तिकिटं मिळाली. येत्या रविवारची, दुपारच्या खेळाची. सोबत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकलं, ताईने माझ्या हातातून घेऊन पुन्हा झटकलं. मग म्हणाली, "जाऊ या. एवढी पाठवलीत तर." गेल्या वर्षीपासून तिने कुठे 'जाऊ या' म्हटलेलं नाही, म्हणून मी लगेच हो म्हणालो.

पण काच आधी आपण तपासायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चढवायची, ही माझी जुनी खोड. शनिवारी मालकांना दाताचं कारण सांगून मी एकटाच तो चित्रपट बघून आलो. ताईला हे माहीत नाही. तिला सांगितलं, माल मोजायचा होता. हे पत्र त्याबद्दल आहे. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही, तरी क्रमाने लिहितो. यातलं बरंच तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण मधलं काही गाळलं तर मला पुढे जाता येणार नाही.

ते पाणमांजर सध्या आमच्या दुकानात जिकडेतिकडे आहे. लहान मुलांच्या फ्रेमच्या काडीवर, चष्म्याच्या डबीवर, पुसायच्या फडक्यावर. डोक्यावर तीच उलटी बादली. गेम खेळायच्या त्या यंत्राच्या खोक्यावर ते इतकी वर्षं उभं आहे की कंपनीचं नाव विसरलेल्यांनाही ते ओळखू येतं. मालक म्हणतात, "चष्मा नको म्हणून रडणारं पोरसुद्धा बादली दाखवली की नाक पुढे करतं."

एवढं नाव कमावलं, पण त्याला शब्द एकच येत होता. धावायचं, शिंपले गोळा करायचे, आणि खड्ड्यात गेलं की चिरक्या आवाजात म्हणायचं, "पल्ले."

तू तेव्हा त्या आवाजांच्या दुकानात नवा होतास. आमच्याकडे राहायचास, आणि पाणमांजर खड्ड्यात गेल्यावर काय ओरडेल या विचाराने तुला जेवण जात नव्हतं. आपली ठमी चार वर्षांची. पलंगावरून खालच्या गादीवर उडी मारायची आणि दर वेळी जाहीर करायची, "पल्ले." एका सकाळी तू टेपचं मशीन लावून बसलास. गेमच्या यंत्रात आवाजाला जागा इतकी थोडी की तुला तिचा शब्द पिळून, वेग वाढवून उंदराएवढा करावा लागला. ऐकवलास तेव्हा मी म्हणालो होतो, "ही आमची मुलगी नाही, ही दाराची बिजागरी आहे." ठमी मात्र शाळेत सगळ्यांना सांगत सुटली की ते पाणमांजर म्हणजे मीच. बाईंनी वहीत लिहून पाठवलं, मुलगी थापा मारते. तू म्हणालास, "खरं बोलून शिक्षा झालेली पहिली कलाकार."

हे सगळं डोक्यात ठेवूनच मी गेलो होतो. तोच चिरका आवाज येईल, आपण थोडं हसू, थोडं वाईट वाटेल, मग घरी येऊन ताईला सांगता येईल की ये, काही नाही त्यात.

पहिला तास मी खरोखर हसत होतो. पाणमांजराला त्या जाड्या नटाचा आवाज दिलाय. एवढासा जीव आणि तोंड उघडलं की पोलीस अधिकारी बोलतोय असं वाटतं. माझ्या शेजारी एक बाई दोन मुलींना घेऊन बसली होती, तिघींच्याही डोक्यावर पुठ्ठ्याच्या बादल्या. मग एक म्हातारं कासव आलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणालं, "बाळा, तुला पल्लेला परत जायचं आहे." मला काही कळेना. बाईने माझ्याकडे झुकून समजावलं.

"काका, पल्ले म्हणजे त्याचा देश. हरवलेला. तो कायम त्याचीच आठवण काढायचा, आपल्याला वाटायचं नुसता ओरडतोय."

"हो का," मी म्हणालो.

"गेम नाही का खेळलात तुम्ही?"

"घरात होता. मी नव्हतो खेळत."

"मग तुम्हाला कसं कळणार," ती म्हणाली, आणि मुलींना म्हणाली, "काकांना सांगत राहा गं."

बारक्या, मी रुमाल तोंडात धरला होता. आपल्या कार्टीला 'ड' म्हणता येत नव्हता, आणि या लोकांनी त्या 'ड'च्या जागी एक अख्खा देश वसवला. डोंगर, नदी, राजवाडा. तू तिथेच बसला होतास ना, हे सगळं ठरत असताना? कुणालाच काही बोलला नाहीस? ठमीला हे कळलं असतं तर तिने त्या देशाचं नागरिकत्व मागितलं असतं.

मग तो कडा आला. पाणमांजर टोकावर, मागे वारं. बादली उडून गेली. संगीत थांबलं. ते कड्यावरून खाली गेलं आणि त्याने तो शब्द म्हटला.

नटाचा आवाज नव्हता. चिरकाही नव्हता. ती ठमी होती. पिळलेली नाही, वेग वाढवलेली नाही, आमच्या त्या खोलीतली ठमी. त्या आठवड्यात तिला सर्दी होती, नाक चोंदलेलं होतं, तेसुद्धा होतं. आणि शब्दाच्या शेवटी तिचा श्वास, गादीवर टेकल्यावर निघायचा तसा.

त्याच क्षणी सगळं थिएटर तिच्या मागोमाग एका आवाजात तो शब्द बोललं. सगळ्यांना माहीत होतं म्हणे की इथे बोलायचं असतं. शेजारच्या दोघी मुलींनी बादल्या वर उचलल्या.

पुढचं मी पाहिलं नाही, म्हणजे डोळे उघडे होते. चष्मा काढून पुसला, तो परत कानांवर बसवता येईना. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नाकांवर चष्मे बसवलेला माणूस मी. त्या बाईने विचारलं, "काका, पाणी देऊ का?" मी म्हणालो, "छान दिसतंय." तोंडातून तेच आलं. तिने गपचूप बाटली माझ्या हातात दिली.

शेवटी नावं संपेपर्यंत बसलो. तुझं होतं. तुझ्या खाली ठमीचं होतं. तिथे ती अजून तुझी सहाय्यकच आहे.

तुझ्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, पण या पत्रात मी एक क्रियापद अजून लिहिलेलं नाही. आमच्या घरात ते आता वापरत नाहीत. कुणी ठरवलं नाही. त्या दिवशी पाण्याच्या टाकीवरच्या रखवालदाराने तुझ्या फोनवरून ताईला एवढंच सांगितलं, "बाई पडल्या," आणि तेव्हापासून ते बंद झालं. आमच्याकडे अंधार होतो, पाऊस येतो, माणसं आजारी होतात, मला प्रश्न येतात. किती ठिकाणी तो शब्द लागतो ते तो काढून टाकल्यावर कळतं. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "तुम्हाला काही कमी पडू देणार नाही," तर ताई उठून आत गेली. वहिनींना वाटलं, हिला मदत नको असेल. 'पडदा' मात्र चालतो, त्याला इलाज नाही.

आणि तू त्या शब्दाने भरलेलं थिएटर आम्हाला पाठवलंस.

मी रागावून लिहीत नाहीये. रागावलोय की काय, तेच मला कळत नाही. तू हे मुद्दाम केलंस हे उघड आहे. इतक्या वर्षांची टेप आपोआप चित्रपटात जात नाही. कशासाठी केलंस ते मी विचारत नाही. एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही. ठमी त्या टाकीवर वाऱ्याचा आवाज घ्यायला चढली होती, याच चित्रपटासाठी. कड्याच्या त्या दृश्यात मागे वारं आहे. ते वारं कुठलं आहे, एवढंच कळव. सांगायचं नसेल तर नको.

आता रविवारचं. ताईला आधी सांगितलं तर ती जाणार नाही, आणि ते माझ्या तोंडून ऐकावं लागेल. नाही सांगितलं तर पुठ्ठ्याच्या बादल्यांच्या मधोमध तिच्यावर ते येईल, जसं माझ्यावर आलं. मला दोन्ही जमणार नाही असं वाटतं. दवाखान्यात ती तुला जे बोलली, "तू वर का नाही गेलास," त्यानंतर तू उंबरठा चढला नाहीस. मी तेव्हा मध्ये बोललो नाही, आताही बोलत नाही. पण तू आलास तर बरं होईल.

तुझा,
दाजी


सोमवार, १५ तारीख

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर शुक्रवारी मिळालं. "वारा दुसरीकडचा, दाजी. तिचं टाकीवरचं मशीन मी अजून उघडलेलं नाही." कागद एवढा मोठा आणि त्यावर दोन ओळी. माझ्यासारखाच आहेस. पण त्या दोन ओळींनंतर मी झोपलो.

ताईला मी सांगितलं. शनिवारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती, मी दुसरं टोक धरलं होतं. चादर असली की दोघांना समोरासमोर उभं राहावंच लागतं. मी म्हणालो, "मी तो चित्रपट बघितलाय. त्यात शेवटाकडे पाणमांजर पडतं. आणि आवाज ठमीचा आहे, तिचा खरा, लहानपणचा." तो शब्द मी मुद्दाम म्हटला. दुसरं कुठलं क्रियापद तिथे बसत नव्हतं.

तिने चादर सोडली नाही. घडी पुरी केली. मग म्हणाली, "माल मोजायला गेला होतात तो हा."

"हो."

"आणि आठवडाभर एकटेच घेऊन फिरताय." मग दुसरी चादर उचलली आणि म्हणाली, "टोक धरा."

मी समजलो, आता जायचं नाही. रविवारी जेवण झाल्यावर बघतो तर ती साडी बदलून दारात उभी.

थिएटरमध्ये ती कासवापाशीसुद्धा हसली नाही. कड्यापाशी मी तिचा हात धरायला गेलो, तर तिने काढून घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली, परीक्षेला बसतात तशी. ठमीचा शब्द आला, मागोमाग थिएटरचा आला, आणि तो विरल्यावर तुझी ताई मोठ्याने म्हणाली, "ऊठ मग."

पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. मला वाटलं, हिचा तोल गेला. मी तिला "चल, बाहेर जाऊ" म्हणालो तर म्हणाली, "बसा. संपू दे."

बाहेर आल्यावर बाकावर बसलो. ती गुडघा चोळत होती. म्हणाली, "माझं कापलं त्याने."

"काय कापलं?"

"ती पल्ले म्हणायची, मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, ऊठ मग. दर वेळी. त्याशिवाय ती उठायचीच नाही, गादीवर तशीच वाट बघत राहायची. टेपवर असणारच ते. तिच्या शब्दाच्या लगेच मागे."

मला हे आठवत नाही. मी दुकानात असायचो. पण ती सांगते म्हणजे असणार.

बादल्या घातलेली माणसं जात-येत होती. मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण तिने बजावलंय. "त्याला लिहा, मी दवाखान्यात विचारलं ते मागे घेत नाही. पण ती टेप पुढे काय म्हणते ते मला ऐकायचंय. पोस्टाने पाठवू नकोस म्हणावं. घेऊन ये."

तिचं बोलणं हे एवढंच. मी त्यात काही घातलेलं नाही. तुला ते कमी वाटेल किंवा जास्त, मला सांगता येत नाही. मी तुझ्या जागी असतो तर आलो असतो.

आज सकाळी मी दुकानात निघालो होतो. ती ओट्यापाशी पाठमोरी होती. म्हणाली, "बारक्या आला तर दूध कमी पडेल. जास्त सांगून ठेवा."

तिच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. मी चपला घालून तसाच तिथे उभा राहिलो. मग जाऊन दूध सांगून आलो, रोजचं, आजपासून.

वाट बघणारा,
तुझा दाजी