ऑगमोरच्या टेकडीवरून तुम्ही दोनदा घसरलात

आई,
सप्रेम जय भीम.

तुम्हाला जाऊन चार वर्षं होत आली. मनातल्या मनात तुमच्याशी किती बोलले असेन, पण लिहायला धजले नाही. आज लिहितेय, कारण गेल्या रविवारी संदेश आणि मी त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोललो. तुमचा मुलगा आणि तुमची सून, एका घरात राहून, चार वर्षं एकच गोष्ट टाळत होतो! आता इतकं हलकं वाटतंय की कुणाला तरी सांगायलाच हवं. मग तुम्हालाच का नको?

तुम्ही अकोल्याहून कार्डिफला आलात तेव्हा मी तुम्हाला चांगलीच घाबरून होते. रिटायर्ड मुख्याध्यापिका! आमची आठ वर्षांची इरा 'आजी आला' म्हणाली की तुम्ही लगेच 'आली' म्हणून दुरुस्त करायचात. मी 'बिन बाहेर ठेवून येते' म्हटलं की शांतपणे म्हणायचात, "कचऱ्याचा डबा." तीन महिने आपण दोघी एकमेकींशी इतक्या नीट वागत होतो, की संध्याकाळपर्यंत मी थकून जायची. तुम्हीही थकत असणार, हे मला तेव्हा कळलंच नाही.

मग ऑगस्टमधला तो बँक हॉलिडे, इथली सार्वजनिक सुट्टी. चौघांनी ऑगमोरला जायचं ठरलं होतं. समुद्राजवळच्या त्या वाळूच्या उंच टेकड्या संदेशला तुम्हाला दाखवायच्या होत्या. सकाळीच बुद्धवंदना आटोपून तुम्ही धपाटे केलेत, चटणी वेगळ्या डब्यात भरलीत. आणि साडेआठला संदेशचा फोन वाजला. त्याच्या हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात माणसं कमी पडत होती. तो बूट घालता घालता म्हणाला, "पुन्हा कधीतरी जाऊ. आईच्या गुडघ्यांना तसंही झेपणार नाही."

तो गेल्यावर तुम्ही बराच वेळ डब्यांकडे बघत बसलात. मग मला विचारलंत, "मेधा, तुला गाडी चालवता येते ना?"

"येते."

"मग?"

त्या एका 'मग'वर आपण निघालो!

काय ऊन होतं त्या दिवशी! वेल्समध्ये असं ऊन पडलं की लोक कामं टाकून बाहेर पडतात. साडीखाली माझे ट्राउझर्स, पायात माझेच ट्रेनर्स, असा तुमचा अवतार. सगळ्यात उंच टेकडीवरून मुलं फोमच्या फळ्यांवर बसून सुसाट खाली येत होती. शेजारच्या एका आजोबांनी त्यांच्या नातवंडांची फळी इराला दिली. ती तीनदा घसरली आणि वरून ओरडली, "आजी, आता तुझा टर्न!"

मी म्हटलं, "अगं, आजीला नाही जमणार."

आणि तुम्ही? पुस्तकातलं मराठी बोलणाऱ्या तुम्ही एकदम वऱ्हाडीवर आलात. "काहून भेतं वं मेधा? मी बी जातो ना!"

अर्धी टेकडी चढायला तुम्हाला वीस मिनिटं लागली. मी मागून आधार देत होते आणि मनात म्हणत होते, आता नको म्हणतील, आता मागे फिरतील. तुम्ही फळीवर बसलात, पदर खोचलात, डोळे गच्च मिटलेत आणि सुटलात. आई, तुम्ही ओरडलात ना, तसं ओरडताना मी तुम्हाला आधी कधी ऐकलं नव्हतं! खाली पोचून वाळूत आडव्या झालात. मी धावत खाली आले तर तुम्ही हसत होतात. इतक्या की बोलता येईना.

ते आजोबा टाळ्या वाजवत म्हणाले, "गुड ऑन यू, लव्ह!"

"काय म्हणतो तो?" तुम्ही विचारलंत.

"शाबास म्हणतायत."

"मग पुन्हा जाऊ," तुम्ही म्हणालात.

आणि खरंच पुन्हा गेलात, या वेळी मी व्हिडिओही काढला. इरा नाचत होती, "आजी, तू खूप फास्ट गेला!" तुम्ही तिला दुरुस्त केलं नाहीत. आपण वाळू चावत चावत धपाटे खाल्ले. माझ्या पाठीवरची वाळू तुम्ही झटकलीत आणि हात तसाच पाठीवर राहू दिलात. मी हलले नाही. हललं तर तुम्ही हात काढून घ्याल, असं वाटलं.

परतताना गाडीत तुम्ही म्हणालात, "संदेशला सांगू नकोस हं. उगाच ओरडेल." आपण दोघी हसलो. इराला शपथ घातली.

का सांगितलंत असं, आई? एवढा एकच राग आहे माझा तुमच्यावर.

तीन आठवड्यांनी सकाळी चहा ओतताना तुम्ही किचनमध्ये कोसळलात. मेंदूत रक्तस्राव. दोन दिवसांत सगळं संपलं. घसरण्याचा याच्याशी संबंध नाही, रक्तदाबच जुना होता, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी विचारलं होतं म्हणूनच सांगितलं. तेव्हा संदेश बाहेर कॉरिडॉरमध्ये होता. मग तुमच्यासाठीच्या पुण्यानुमोदन विधीच्या दिवशी भंतेजी गेल्यावर इराने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आजी टेकडीवरून कशी घसरली, किती हसली ते. व्हिडिओ कॉलवर अकोल्याहून तुमची लेक, वंदनाताई होत्या. त्या म्हणाल्या, "एकाहत्तराव्या वर्षी आईला टेकडीवरून सोडलंस, मेधा?" आणि संदेश उठून खोलीबाहेर गेला.

त्याने मला कधीच काही विचारलं नाही. ताईंचा एक प्रश्न मी सोसला असता. त्याचं गप्प राहणं सोसवेना. मी त्या दिवसाचे फोटो आणि तो व्हिडिओ फोनमधून काढून लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात टाकले. इरा विषय काढायला लागली की मी तिला दुसऱ्या कामाला लावायची. तुमचा सगळ्यात आनंदाचा दिवस मी गुन्ह्यासारखा लपवला.

गेल्या रविवारी नाश्त्याला इरा म्हणाली, "ममा, आजीबरोबर गेलो होतो तिथे जाऊया?"

"नको, पाऊस येईल," मी म्हटलं.

संदेशने कप खाली ठेवला. "दर वेळी पाऊस कसा येतो गं तुला?"

मला राहवलं नाही. "तुला माझा राग आहे ना? सरळ सांग. मी नेलं नसतं तर..."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "राग? तुझा?" मग खूप हळू म्हणाला, "मेधा, त्या दिवशी माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. नाही म्हणता आलं असतं. एक्स्ट्रा शिफ्ट होती ती. आई तशी हसत होती, आणि मी तिथे नव्हतो. तू सांगत नव्हतीस. मला वाटलं, आलो नाही म्हणून तो दिवस तुम्ही तिघींनी आपल्यातच ठेवलाय. विचारायचा मला हक्क नाही."

चार वर्षं, आई! मी समजत होते तो मला दोष देतोय, आणि तो स्वतःला देत होता.

"सांग ना," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मग मी सांगितलं. तुमचं 'मग?', ट्राउझर्स, वीस मिनिटांची चढण, सगळं. इरा मधेच सोफ्यावरून घसरून दाखवत होती. तुमचं 'मी बी जातो ना' ऐकल्यावर संदेश हसता हसता रडायला लागला, आणि त्याच्याबरोबर मीही. मी लॅपटॉप आणला. बावीस सेकंदांचा व्हिडिओ आहे तुमचा. तो आम्ही किती वेळा पाहिला, मोजलं नाही.

दुपारी त्याने स्वतः वंदनाताईंना फोन लावला, व्हिडिओ पाठवला. मग ताई म्हणाल्या, "आमची आई? दोनदा?" आणि थोड्या वेळाने, "मेधाला फोन दे." मला म्हणाल्या, "तेव्हा मी बोलायला नको होतं गं. आई अशी हसलेली मी लहानपणीसुद्धा पाहिली नाही."

त्या रात्री मी किती दिवसांनी सलग झोपले!

पुढच्या महिन्यात तुमचा स्मृतिदिन. दर वर्षी वंदनेनंतर तुमच्याबद्दल कुणीतरी बोलतं. तुमची शाळा, तुमची शिस्त, तुम्ही शिकवलेल्या मुली. दर वर्षी मी किचनमध्ये भाजी ढवळत उभी असते. या वेळी मी बाहेर येऊन बोलणार आहे, आई. आमच्या आईंना टेकडीवरून वाऱ्यासारखं सुटायला किती आवडलं होतं, हे मी सगळ्यांसमोर सांगेन. संदेश माझ्या शेजारी उभा असेल. त्याने तसा शब्द दिलाय, आणि मी तुम्हाला देते.

तुमची,
मेधा